कुंडीतील मातीची कहाणी

मंडळी, आपल्या शाळेच्या व्हरांड्यात किंवा घराच्या ओट्यावर दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्हींत एकाच पुडीतले झेंडूचे बी टाकलेले. पाणी एकच, ऊन तेच, घालणारा हातही तोच. तरी एका कुंडीतले रोप तरारून वर येते, गच्च फुलते. दुसरीतले वीतभर वाढून पिवळे पडते. मग कोणी म्हणतो बी खराब, कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो याच्या हाताला गुणच नाही. माती तेवढी कोणी उकरून पाहत नाही. आज त्या मातीचीच गोष्ट सांगायची आहे. ती मोठी रंजक आहे, आणि तिच्यात आपल्या कोकणच्या शेतकऱ्याचाही वाटा आहे.

आधी माझीच फजिती ऐका. मी लहान असताना आमच्या शाळेत कुंड्या भरायच्या होत्या. गुरुजी म्हणाले, चांगली माती आणा. आम्ही पोरांनी गावातल्या उत्तम काळ्या रानातली, जिथे कापूस खांद्याला लागतो तिथली, माती पाट्या भरभरून आणली आणि कुंड्यांत ठासली. तेरडा लावला. पावसात त्या कुंड्यांचा चिखल झाला आणि उघडीप पडताच तीच माती सुकून दगडासारखी घट्ट झाली. कुंडीच्या कडेपासून ती बोटभर सुटली. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाई; मुळांच्या वाट्याला थेंब येत नसे. पंधरा दिवसांत तेरडा गेला. आम्हांला वाटले, ज्या मातीत कापूस होतो तिच्यात तेरडा का होऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर असे की, कुंडी म्हणजे लहान शेत नव्हे. शेतात मातीचा थर खोल असतो. वरचे पाणी खालची कोरडी माती ओढून घेते, आणि मुळांभोवती पुन्हा हवा खेळते. कुंडीत माती वीतभरच. तिच्या खाली ओढून घेणारे कोणी नसते. म्हणून भोक असले तरी कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर राहतोच. माती जितकी बारीक, तितका तो थर जाड. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. त्या थरात ती गुदमरतात आणि कुजतात.

गुरुजींनो, वर्गात दाखवण्यासारखा एक सोपा प्रयोग सांगतो. भांडी घासायचा किंवा फळा पुसायचा लांबट चौकोनी स्पंज घ्या. तो पाण्यात भिजवून हातावर आडवा धरा. ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहा. मग न दाबता तो उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल! स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. उथळ कुंडीत पाणी का साठते आणि खोल कुंडीत ते अधिक निथळते, हे मुलांना यावरून चटकन समजते. यावरून आणखी एक समजूत तपासता येते. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा आणि खड्यांचा जाड थर घातला की पाणी निथळते, असे आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो. पण बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते वरच अडते. म्हणजे तो साचलेला थर जातच नाही, उलट मुळांच्या दिशेने वर सरकतो. भोकावर एक खापरी ठेवावी, ती माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी सुधारणा करायची ती मातीतच.

हे सारे शास्त्र काही एका दिवसात आले नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या बड्या बागांतून प्रत्येक झाडाची माती वेगळी असे. याला पानखत जास्त, त्याला जुना चुना, तिसऱ्याला कोळशाची पूड. मुख्य माळ्याची कृती ही त्याची मिरास. आपल्याकडे वैद्य जडीबुटीचे नाव सांगत नसे, तसाच हा प्रकार. उमेदवाराने वर्षानुवर्षे राबावे आणि पाहून पाहून शिकावे.

लंडनजवळच्या मर्टन गावी जॉन इन्स नावाचा एक सधन व्यापारी राहत होता. तो १९०४ साली वारला. त्याने ठेवलेल्या पैशातून १९१० साली तेथे बागशास्त्राची एक संशोधन संस्था निघाली. तिचे पहिले संचालक विल्यम बेटसन. आनुवंशशास्त्राला इंग्रजीत आज जे नाव आहे ते यांनीच दिले. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी याच संस्थेत काम केले होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनीही तेथे काम केले.

या संस्थेत प्रिम्युला सायनेन्सिस नावाचे चिनी फुलझाड कुंड्यांतून वाढवीत. आईबापांचे गुण संततीत कसे उतरतात, हे पाहायला ते झाड फार सोयीचे. पण १९३०नंतरच्या वर्षांत त्याची रोपे धडाधड मरू लागली. जमिनीलगत देठ मऊ पडावा आणि रोप आडवे व्हावे. आपल्याकडे रोपवाटिकेत याला रोपे कोलमडणे म्हणतात, तोच हा रोग. एका झाडाची किंमत फार नव्हे. परंतु ज्या रोपांच्या पिढ्या मोजायच्या तीच मेली तर वर्षांचे काम वाया. तेव्हा तेथले विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूएल यांनी ठरवले की, आता झाड बाजूला ठेवायचे आणि मातीचाच शोध घ्यायचा.

त्यांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे, आणि रोपे मोजायची. अशा चाचण्या त्यांनी शेकड्यांनी केल्या. त्यातून तीन गोष्टी बाहेर आल्या. पहिली, रोगाचे मूळ मातीत आहे. माती वाफेने तापवली तर रोपे मरत नाहीत. दुसरी, तापवलेल्या मातीत रोपटी सुरुवातीला अडखळतात. पण तिच्यात थोडे सुपरफॉस्फेट मिसळले की ती अडखळ जाते. तिसरी गोष्ट सर्वांत नवलाची. दर झाडाला वेगळी माती लागते, हा पिढ्यान् पिढ्यांचा समज बव्हंशी खोटा ठरला. बी पेरायला एक मिश्रण आणि रोप वाढवायला एक मिश्रण, एवढ्या दोहोंवर बहुतेक कुंडीतली झाडे उत्तम येतात.

ती कृती तरी पाहा किती साधी! पेरणीच्या मिश्रणात मापाने दोन भाग माती, एक भाग पीट आणि एक भाग जाड वाळू. वाढीच्या मिश्रणात सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. त्यात शिंगा-खुरांची पूड, सुपरफॉस्फेट आणि सल्फेट ऑफ पोटॅश यांचे खत, आणि आंबटपणा मारायला थोडी खडूची पूड. खताचे प्रमाण छत्तीस लिटर मिश्रणाला साधारण एकशे तेरा ग्रॅम. झाड मोठे झाले की खत दुप्पट, तिप्पट, माती तीच. माती मात्र निवडक लागे. कुरणातले गवत मातीसकट थरांनी कापून, उलटे रचून, महिनोन् महिने कुजवलेली.

आता यातली मोठ्या मनाची गोष्ट सांगतो. १९३९ साली लॉरेन्स आणि न्यूएल यांनी हे सगळे पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवले. संस्थेने कृती कुलपात ठेवली नाही, तिच्यावर पैसा मिळवला नाही. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. अन्नाची टंचाई आली, घरोघरी भाजी लावण्याची मोहीम निघाली, तेव्हा फुलझाडासाठी शोधलेली ही माती टोमॅटोच्या रोपांना कामी आली. नावावर हक्क न राखल्यामुळे पुढे त्या नावाने हलका मालही विकला गेला, हेही खरे. पण ज्या विद्येला माळी मिरास समजत होता, ती चारचौघांची झाली.

तुम्ही म्हणाल, माती तापवण्याची युक्ती इंग्लंडातच निघाली का? तर नाही. कोकणात, ठाणे-रायगडाकडे, भाताच्या रोपासाठी राब भाजतात हे तुम्हांला माहीत आहे. शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर जमिनीवर पसरायचे, वर मातीचा हात फिरवायचा आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते पेटवून द्यायचे. तणाचे बी जळते, जमीन भाजते, राख मिळते, आणि त्या वाफ्यावर रोप कसे तजेलदार येते! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधने आणली, तेव्हा याच राबावरून ठाणे जिल्ह्यात मोठा असंतोष माजला, आणि त्या काळच्या मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. शेतकरी अडाणी आहे, उगीच जंगल जाळतो, असे म्हणणारे अधिकारी होते. परंतु पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तो १९१२ साली छापला. त्याच सुमारास, १९०९ साली, इंग्लंडात रसेल आणि हचिन्सन हे तापवलेल्या मातीत पिके का जोमाने वाढतात याचा शोध घेत होते. म्हणजे मर्टनच्या वाफेच्या पेटीआधी कितीतरी वर्षे आमचा कोकणचा कुणबी माती भाजत होता. त्याला कारण सांगता येत नव्हते, एवढेच.

पुढची पायरी अमेरिकेत पडली. कॅलिफोर्नियात फुलझाडांची रोपे डब्यांतून विकण्याचा धंदा वाढला. तिथे सारखी चांगली माती मिळेना. दर गाडीची माती निराळी. तेव्हा तेथल्या विद्यापीठातल्या केनेथ बेकर आदी शास्त्रज्ञांनी शेतमाती काढूनच टाकली. बारीक वाळू आणि पीट, दोनच वस्तू. त्यांचे प्रमाण बदलून पाच मिश्रणे. ही पद्धत १९५७ साली त्यांनी पुस्तकाने प्रसिद्ध केली. बेकर यांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. माती फार तापवली तर उपकारक जिवाणूही मरतात, आणि मग बाहेरून आलेल्या रोगाला मोकळे रान मिळते. हवा मिसळलेल्या वाफेने साठ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवले की रोगाचे बुरशीकण मरतात आणि बरेचसे चांगले जिवाणू जगतात.

त्यानंतर कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेल्ड्रेक यांनी वाळूही वजनाला जड म्हणून काढली. तिच्या जागी व्हर्मिक्युलाइट, म्हणजे अभ्रकासारखे खनिज तापवून फुगवलेले. किंवा पर्लाइट, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या काचेसारख्या खडकाच्या जणू लाह्याच. निम्मे पीट आणि निम्म्या या लाह्या. डबा हलका झाला, रोप लांब पाठवता येऊ लागले. आज पिटुनिया, पॅन्झी, साल्व्हिया यांची रोपे प्लॅस्टिकच्या खाचेदार ट्रेमधून शहरात येतात, त्यांची वंशावळ ही अशी आहे.

इथवर सगळे गोड झाले. आता कडू भाग. या प्रत्येक मिश्रणात पीट होते. पीट म्हणजे काय? थंड देशांतल्या दलदलीत शेवाळ मरते, पाण्याखाली हवा नसल्यामुळे ते पुरते कुजत नाही, आणि थरावर थर साचतात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर! म्हणजे हातभर थर साचायला पाचशे वर्षे लागतात. आपण तो एका हंगामाच्या फुलांसाठी कुंडीत घालतो आणि पुढच्या वर्षी उकिरड्यावर टाकतो. जगाच्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्के भाग अशा दलदलींचा. पण सगळ्या जंगलांत मिळून जेवढा कार्बन साठला आहे, त्याहून अधिक त्यांत दडला आहे. ती दलदल कोरडी केली, खणली, की तो हवेत जातो. इंग्लंडच्या सरकारने २०११ साली घरगुती बागांतून पीट २०२० पर्यंत हटवण्याचे ऐच्छिक उद्दिष्ट ठेवले. ते पुरे झाले नाही. जी माती शोधायला पाच-सहा वर्षे लागली, ती सोडायला किती वर्षे लागतात पाहा.

मग पीटच्या जागी काय? उत्तर आपल्या किनाऱ्यावर पडलेले होते. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की मागे भुसा उरतो. केरळात आणि तामिळनाडूत त्याचे डोंगर साचत. कुजता कुजत नसे, म्हणून ती डोकेदुखी समजली जाई. गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडातले माळी हा भुसा कुंड्यांत वापरीत होते. मग पीट स्वस्त मिळू लागले आणि तो विस्मरणात गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हा आठवला. तोच आज कोकोपीट या नावाने विटा करून परदेशी जातो, आणि आपल्याकडच्या पॉलिहाऊसमध्ये व रोपवाटिकांतही वापरतात. पाच किलोची एक वीट पाण्यात भिजवली की साठ-सत्तर लिटर भुसा होतो. तो वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि तरी हवा खेळती ठेवतो.

पण कोकोपीट म्हणजे माती नव्हे आणि खतही नव्हे, हे विसरू नका. त्यात दोन खोडी आहेत. समुद्राकाठच्या नारळाचा भुसा खारट असतो. न धुता वापरला तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात. म्हणून तो गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून निथळावा, आणि ते खारे पाणी विहिरीजवळ ओतू नये. दुसरी खोड म्हणजे त्यात नत्र फारच थोडे. न कुजलेला भुसा कुजताना आहे तेही नत्र सूक्ष्मजंतू खाऊन टाकतात, आणि रोप पिवळे पडते. युरिया आणि धिंगरी अळंबीचे बियाणे मिसळून तो कुजवण्याची रीत आपल्याच देशातल्या संस्थांनी बसवून दिली आहे. घरच्या घरी करायचे तर मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे.

एवढे सगळे ऐकून तुम्ही विचाराल, आम्ही काय करावे? विकतच्या विटेवाचून अडत नाही. तांबडी किंवा पोयट्याची माती दोन भाग, चांगले मुरलेले शेणखत एक भाग, आणि निथळ्यासाठी जाडसर भरड एक भाग. भरड म्हणजे वाळूच हवी असे नाही. नद्यांची वाळू उपसून आपण त्यांचेही हाल केले आहेत. विटांचा बारीक चुरा चालतो. भातपट्ट्यात तूस अर्धवट जाळून काळे केले तर ते हलके आणि निथळणारे होते. त्यात पोटॅशही असते, मात्र ते बेताने घालावे. काळी माती असेल तर तिचे प्रमाण कमी करा आणि भरड वाढवा. ताजे शेण कधीही घालू नका.

माती तापवायला वाफेची पेटी नको. १९७६ साली इस्राएलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाने माती तापवण्याची रीत प्रसिद्ध केली. माती ओली करून जमिनीवर वीतभर जाडीने पसरायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या, आणि भर उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे. आपला एप्रिल-मे एरवी शिव्या खातो. या कामाला तो फुकटचा बंब आहे. टहाळ तोडायला नको, जाळायला नको, आणि राबाचा बराचसा गुण मिळतो.

फुलांच्या बाबतीत एक सूचना मात्र ध्यानात असू द्या. हंगामी फुलझाडाचे सारे आयुष्य चार-पाच महिन्यांचे. त्याला चुकून चालत नाही. रोपपणी मुळे गुदमरली तर पुढे खत देऊन भरपाई होत नाही. आणि फार माया केली तरी बिघडते. कॉसमॉससारखे झाड नत्राने माजले की पाने भरघोस येतात आणि फुले उशिरा व थोडी येतात.

गुरुजींनो, शेवटची विनंती तुम्हांला. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, मुलांकडून पडताळून घ्या. पावसाळ्याच्या तोंडाशी झेंडूचे एकाच पुडीतले बी घ्या. तीन प्रकारची माती करा: नुसती शेतातली माती, वर सांगितलेले मिश्रण, आणि धुतलेले कोकोपीट व गांडूळखत निम्मे-निम्मे. प्रत्येकीच्या पाच-पाच कुंड्या, सगळ्या एकाच मापाच्या. एका प्रकारच्या सगळ्या कुंड्या एकाच कोपऱ्यात ठेवू नका. सरमिसळ ठेवा, म्हणजे ऊन-सावलीचा पक्षपात होणार नाही. किती बिया उगवल्या, दर आठवड्याला उंची किती, पहिली कळी कोणत्या दिवशी, एकूण फुले किती, हे वहीत मांडा. एका कुंडीवरून निकाल देऊ नका. पाचांची सरासरी काढा. गणिताचा तास आणि बागकामाचा तास एकच होईल.

कदाचित तुमच्या गावच्या मातीत माझे मिश्रण हरेल आणि एखाद्या मुलाने आणलेली ओढ्याकाठची माती जिंकेल. तसे झाले तर त्या मुलाचे नाव फळ्यावर लिहा, कृती शेजारच्या शाळेला कळवा, आणि ती कृती कुलपात ठेवू नका.